ब्राझीलची मुलगी

विद्यापीठाला आंतरराष्ट्रीय व्हायचं होतं, आणि तेही जूनच्या आत. मालकांचा मूळ धंदा सोयाबीन तेलाचा. तेलात बरकत आली तशी त्यांनी उज्जैनबाहेर माळावर एक इमारत बांधली, तिला पुढून विलायती खांब लावले, मागून पत्रे ठोकले आणि खासगी विद्यापीठ सुरू केलं. आता मूल्यांकनाची समिती येऊ घातली होती. तिच्या प्रश्नांमध्ये परदेशी विद्यार्थी किती, असाही एक प्रश्न होता, आणि त्याचं खरं उत्तर शून्य होतं.

हे शून्य पुसायचं काम श्रीकांत सरमंडल यांच्याकडे आलं. ते विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचे संचालक होते. विभागात ते, त्यांची फिरती खुर्ची आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा एवढंच होतं. परदेश म्हणाल तर तेलाच्या डीलर लोकांच्या सहलीबरोबर ते एकदा बँकॉकला जाऊन आले होते, आणि तेव्हापासून बोलताना 'वर्ल्ड लेव्हल' हा शब्द दर वाक्याला घालत.

एप्रिलमध्ये त्यांनी इतिहासाच्या मृणाल पागनीसला बोलावून घेतलं.

"मॅडम, आपण ऑनलाइन समर स्कूल करतोय. फॉर इंटरनॅशनल स्टुडंट्स. बाहेरच्या मोठमोठ्या युनिव्हर्सिट्या करतातच. तीन हफ्त्यांचा कोर्स, घरबसल्या सर्टिफिकेट. काही तरी खास इंडियन पाहिजे. योगा तर सगळेच करून राहिले. तुमची ती पीएचडी कशावर होती, चादरींवर ना?"

"भैरवगढ़च्या छपाईवर. माळव्यातल्या कापडाचा इतिहास."

"तेच. चादर. फॉरेनर लोकांना बिलकुल पागल करते."

मृणालला हा माणूस कधीच आवडला नव्हता. त्याच्या तोंडी 'चादर' ऐकून तर तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण ती उठून आली नाही. तिच्या प्रबंधाला बरीच वर्षं झाली होती आणि तो कुणी वाचल्याचं तिला ठाऊक नव्हतं. तोंडी परीक्षेला आलेल्या प्राध्यापकांनी सुरुवातीलाच महाकालाचं दर्शन किती वाजता सोपं पडतं ते विचारलं होतं, आणि पुढचे प्रश्नही त्याच अंगाने गेले होते. त्यानंतर ती बी.ए.च्या वर्गांना जे शिकवत आली त्यात कापड कुठेच नव्हतं. म्हणून 'बघते' म्हणून ती बाहेर पडली, आणि जिना उतरेपर्यंत पहिल्या तासाला कुठून सुरुवात करायची ते तिच्या मनात ठरूनही गेलं.

तो महिना तिने जीव ओतून काम केलं. भैरवगढ़ला जाऊन ठशांचे, रंगाच्या कढयांचे, वाळत घातलेल्या कापडांचे फोटो काढले. जुन्या नक्षीचे तुकडे विकत आणले. फ्रीगंजमधल्या घरी, स्वयंपाकघरात फ्रिजसमोर उभं राहून इंग्रजी भाषणाचा सराव केला. तिचा नवरा निखिल बँकेत होता. तो संध्याकाळी येऊन चहा करून घ्यायचा आणि फ्रिजला उद्देशून चाललेलं व्याख्यान ऐकायचा.

"एवढी तयारी तू एरवी करत नाहीस," तो एकदा म्हणाला.

"एरवी कुणासाठी करू? आमच्या पोरांना गाइडमधल्या पाच प्रश्नांपलीकडे काही नको असतं. वर्गात माना खाली घालून बसतात. त्यांच्यासमोर काहीही ठेवा, त्यांना सारखंच. हे लोक निदान स्वतःहून शिकायला येतायत."

तिच्या बोलण्यात तिरस्कार होता, आणि तो नवा नव्हता. विद्यार्थ्यांचा कंटाळा येऊन येऊन त्याचा तिरस्कार कधी झाला, तिचं तिलाच कळलं नव्हतं. ती वर्गात जायची, खुर्चीवर बसायची, जुनी टिपणं लिहून द्यायची आणि घंटा झाली की यायची. मुलंही हुशार. टिपणं मागच्या वर्षीच्या मुलांकडून झेरॉक्स करून मिळतात म्हटल्यावर ती वर्गात येईनाशी झाली. दोन्ही बाजूंना हे सोयीचं होतं.

मे महिन्यात समर स्कूल सुरू झाली. तास सकाळी अकराचा. मृणाल दुसऱ्या मजल्यावरच्या स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून बसली आणि समोर चौकोनांमागून चौकोन उघडत गेले. ब्राझील, इजिप्त, केनिया, पोलंड, व्हिएतनाम. नावांपुढे देश लिहिलेला, कॅमेरे बंद. पोखऱ्याच्या एका नेपाळी मुलाचा कॅमेरा तेवढा चालू होता आणि त्यात छताचा पंखा दिसत होता.

"कॅमेरे का बंद?" तिने सरमंडलांना आधी विचारलं होतं.

"त्यांच्या देशात प्रायव्हसीचा कानून खूप कडक आहे, मॅडम. वर्ल्ड लेव्हलला असंच चालतं."

तिने ते मानलं. मानायला तिला बरंही वाटलं.

दुसऱ्या की तिसऱ्या तासाला खालच्या चौकटीत लेखी प्रश्न यायला लागले. बहुतेक सगळे एकाच नावावरून यायचे: मारिया सौझा, ब्राझील. इंग्रजी मोडकं होतं, पण ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात, तेव्हा ते मोडकं असणारच, असं मृणालला वाटलं. प्रश्न मात्र मोडके नव्हते. कापडावरच्या नक्षीवरून बाईची जात ओळखू येते म्हणता, मग छापणाऱ्याच्या घरातल्या बायका कोणती नक्षी नेसायच्या? ज्यांच्यासाठी छापायचे त्यांच्या पंगतीला छापणारे बसायचे का? मृणालला उत्तर द्यायला थांबावं लागलं, आणि असं थांबावं लागण्याची तिला किती दिवसांत सवय राहिली नव्हती. त्या दिवशी जेवताना ती निखिलला दुसरं काही बोलूच देईना.

"अकरा वाजता म्हणजे ब्राझीलमध्ये रात्रीचे अडीच," निखिल म्हणाला. "ती पोरगी झोपते कधी?"

"शिकायचं असलं की माणसं जागतात. आपल्याकडे दिवसाढवळ्या वर्गात बसायला होत नाही लोकांना. हा प्रश्न इथल्या एका तरी मुलाला सुचेल का? सात जन्म दिले तरी नाही."

निखिलने आणखी भात वाढून घेतला.

मग मारियाने विचारलं की, बाई विधवा झाली की तिच्या ओढणीची नक्षी बदलायची, हे तुम्ही सांगितलं; पण आधीच्या ओढण्यांचं ती काय करायची? याचं उत्तर प्रबंधात नव्हतं. ते शोधावं असं प्रबंध लिहिताना मृणालच्या मनातही आलं नव्हतं. दुपारच्या उन्हात, डोक्याला ओढणी गुंडाळून, ती रिक्षाने भैरवगढ़ला गेली. एका छपाईवाल्याच्या घरी त्याची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. तिला आधी प्रश्नच पटेना. "फेकेंगे क्यों?" ती म्हणाली. त्याच ओढण्या पुन्हा गडद रंगात बुडवून घ्यायच्या. खालची लाल नक्षी पूर्ण मरत नाही, उन्हात धरली की दिसते. तिने स्वतःची एक पेटीतून काढून दाखवली. मृणालने ती उन्हात धरून फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी तो मारियासाठी दाखवला. मारियाने खाली फक्त 'थँक यू मॅडम' लिहिलं.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी, तास रंगात आला असताना लाइट गेली. विद्यापीठाचा इन्व्हर्टर फक्त मालकांच्या केबिनपुरता होता, पण मृणालचा लॅपटॉप बॅटरीवर चालत होता आणि इंटरनेट तिच्या मोबाइलचं होतं. तिचं काहीच बिघडलं नाही. पण डोक्यावरचा पंखा थांबला त्याच क्षणी पडद्यावरून ब्राझील गेलं, इजिप्त गेलं, केनिया, पोलंड आणि व्हिएतनाम गेले. उरला तो पोखऱ्याचा पंखा. तो फिरत होता.

मृणाल लॅपटॉप तसाच ठेवून जिना उतरली.

तळमजल्यावर कॉम्प्युटर लॅब होती. दार उकाड्यामुळे उघडं टाकलेलं होतं. आत तिच्याच बी.ए. दुसऱ्या वर्षाची मुलं बसली होती, हातातल्या वह्यांनी वारा घेत. हजेरी कमी पडल्याने ज्यांना परीक्षेला बसू देणार नव्हते ती ही मुलं. तिला पाहून ती एकेक करत उभी राहिली. अंधारलेल्या पडद्यांसमोर उभी असलेली ती पोरं पाहून तिला आधी हसू येईल असं वाटलं. पण आलं नाही.

"कुणी सांगितलं इथे बसायला?"

पुढच्या बाकावरचा मंदार नावाचा मुलगा म्हणाला, "सरमंडल सरांनी, मॅडम. इथे बसलं तर हजेरी भरून मिळेल बोलले. नावं आधीच टाकलेली होती. मी इजिप्त आहे."

मागे कोणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मारिया कोण आहे?"

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "मी, मॅडम."

मृणालने तिला वर्गात पाहिलं असणार, पण नाव आठवेना. ते तिला विचारावं लागलं. जयू दाभाडे. मूळचे जळगावकडचे, पण वडील रेल्वेत होते म्हणून नागद्याला आले. वडील गेले, त्यांच्या जागी आईला नोकरी लागली. हे सगळं तिने विचारल्याविचारल्या, खाली बघत सांगितलं.

"ते प्रश्न तुझे होते? तुझे स्वतःचे?"

"हो मॅडम. इंग्लिश मोबाइलवरून करून घ्यायची."

"ओढणीचा?"

"आईमुळे आला मनात. तिच्या जुन्या साड्या तशाच पडल्या आहेत. ती नेसत पण नाही आणि कोणाला देत पण नाही." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुम्ही त्याच्यासाठी भैरवगढ़ला गेलात ना, मला खूप चांगलं वाटलं. मी आईला पण सांगितलं."

मृणालचा राग कुठे तरी ठेवायची जागा शोधत होता. तो तिने तिथेच टाकला. "वर्गात कधी तोंड उघडलं नाहीस. परदेशी नाव लावल्यावर बरे प्रश्न सुचतात तुम्हाला."

जयूने मान वर केली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, आणि त्यामुळेच ते ऐकणं कठीण होतं. "पहिल्या वर्षी मी एकदा विचारलं होतं, मॅडम. तुम्ही बोलल्या, हे परीक्षेत येणार नाही, बैस. मग मी नाही विचारलं. आणि हे कापडाचं वगैरे तर तुम्ही आम्हाला कधी शिकवलंच नाही. आम्हाला पताच नव्हतं की तुम्हाला हे येतं."

लाइट आली. पडद्यांवर एकेक देश उजळायला लागला. मृणाल बाहेर पडली.

ती थेट सरमंडलांकडे गेली. ते फोनवर होते. तिने फोन संपेपर्यंत वाट पाहिली नाही.

"तुम्ही माझ्याच मुलांना परदेशी करून माझ्यासमोर बसवलंत."

सरमंडलांनी फोन ठेवला. त्यांना लाज वाटली नाही. त्यांना फक्त लाइटीचा राग आला होता. "बसा, मॅडम. तुम्ही चांगलं शिकवून राहिल्या, मुलं ऐकून राहिली. नुकसान कोणाचं झालं? मी जाहिरात दिली होती. पूर्ण दुनियेत. एक पोखरा आला. आता पोखऱ्याला घेऊन समितीसमोर उभा राहू का?"

"हे खोटं आहे."

"खोटं कसं? मन इंटरनॅशनल पाहिजे. बाकी पासपोर्ट तर कागद आहे." ते हसले. "शेवटच्या तासाला समिती बसेल. तुम्ही नसाल तर तुमच्या स्लाइड माझ्याजवळ आहेतच. कोणी पण वाचून देईल."

शेवटचं वाक्य त्यांनी धमकीसारखं म्हटलं नव्हतं. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं: शिकवणं म्हणजे स्लाइड वाचणं. मृणालला त्यांची किळस आली, आणि त्याच वेळी खुर्चीवर बसून टिपणं वाचणारी एक बाईही तिच्या डोळ्यांपुढे आली. ती तिथून बाहेर पडली.

घरी तिने सगळं सांगितलं तेव्हा निखिल आंबा कापत होता. इजिप्तपाशी तो हसला आणि हसता हसता सुरी खाली ठेवली.

"तुला नेमका राग कशाचा आलाय?" त्याने विचारलं. "सरमंडलने फसवलं म्हणून, की पोरं आपलीच निघाली म्हणून?"

"तू हसतोयस त्याचा," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. प्रश्न मात्र तिच्याबरोबर आत आला.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूममध्ये बसली नाही. लॅपटॉप, कापडाचे तुकडे आणि भैरवगढ़हून आणलेले दोन ठसे घेऊन खाली लॅबमध्ये गेली. लॅपटॉप पोखऱ्यासाठी टेबलावर ठेवला आणि मुलांना मराठी-हिंदीत शिकवायला लागली. सरमंडल दारातून डोकावून गेले. पडद्यांवर नावं परदेशी आहेत एवढं त्यांना पुरलं.

काही चमत्कार झाला नाही. ठसे हातोहात फिरले आणि एकाने ते दुसऱ्याच्या शर्टावर उमटवून पाहिले. निम्मी मुलं मोबाइलमध्ये होती. हजेरी लागली तशी दोघं पाणी प्यायला म्हणून गेली ती आलीच नाहीत. आणि जयू गप्प होती. मारिया असताना तासाला तीन प्रश्न विचारणारी मुलगी स्वतःच्या नावाने एकही विचारेना. मृणालने दोनदा तिच्याकडे पाहिलं. जयूने दोन्ही वेळा वहीत मान घातली. एवढ्या वर्षांत बसवलेली भीती एका सकाळी उठणार नव्हती, हे मृणालला कळत होतं. ती बसवणारी कोण, हेही.

शेवटच्या दिवशी समिती आली, म्हणजे भोपाळहून पडद्यावर आली. तीन सदस्य, मधले अध्यक्ष वयस्कर, कानाला यंत्र लावलेले. लॅबसाठी भाड्याचा जनरेटर आणून ठेवला होता. सरमंडल आपल्या केबिनमधून मीटिंग चालवत होते. मुलांना त्यांनी बजावलं होतं की आवाज बंद, कॅमेरा बंद, कोणी काही विचारलं तर नेटवर्क खराब. मृणाल आपला लॅपटॉप घेऊन लॅबमध्ये मुलांबरोबर बसली होती.

सरमंडलांनी वर्ल्ड लेव्हलवर बरंच भाषण केलं. ते संपल्यावर अध्यक्ष इंग्रजीत म्हणाले, "एखाद्या विद्यार्थ्याचं मत ऐकू या. ही ब्राझीलची मुलगी, मारिया. तिला बोलू द्या."

"सर, नेटवर्कचा थोडा प्रॉब्लेम आहे तिकडे," सरमंडल म्हणाले.

पण जयूने आवाज चालू केला होता. का केला, हे तिने पुढे कधी नीट सांगितलं नाही. तिने इंग्रजीत, शब्द शोधत, कापडाविषयी सांगितलं. नक्षीवरून बाईची ओळख कशी ठरायची, आणि ती ओळख बदलायची वेळ आली की तेच कापड पुन्हा कसं रंगवायचे. ती चुकत होती, पण थांबत नव्हती. अध्यक्ष मान डोलवत होते.

"फारच छान," ते म्हणाले. "आणि ब्राझीलमध्ये हवा कशी आहे सध्या?"

जयूने मृणालकडे पाहिलं. मृणालने काहीही खूण केली नाही. या मुलीला काय करायला सांगावं, हे तिला खरोखर समजत नव्हतं.

"मला माहीत नाही, सर," जयू म्हणाली. "मी उज्जैनमध्ये आहे. माझं नाव जयू दाभाडे आहे."

पडद्यावर तीन सदस्य एकमेकांकडे बघू लागले. मग अध्यक्षांचा चेहरा खुलला.

"म्हणजे ती प्रत्यक्ष उज्जैनला आली आहे? ऑनलाइन कोर्ससाठी?"

सरमंडल श्वास घ्यायलाही थांबले नाहीत. "हो सर. कोर्स इतका आवडला की विमान पकडून आली. आणि सर, तिने इंडियन नाव पण घेतलं आहे. आपल्या संस्कृतीचं एवढं वेड."

"उत्तम," अध्यक्ष म्हणाले आणि काही तरी लिहून घेऊ लागले. "हे अहवालात आलं पाहिजे."

मृणालने आपला आवाज चालू केला. "सर, हे खरं नाही. ही माझी बी.ए. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. इथे बसलेले सगळे..." तेवढ्यात पडद्यावर तिच्या आवाजाच्या खुणेवर लाल रेघ आली. तिने पुन्हा चालू केला, पुन्हा रेघ आली. ती बोलत राहिली. मग पडदा पांढरा झाला आणि मधोमध एक ओळ उमटली, की होस्टने तुम्हाला या मीटिंगमधून काढून टाकलं आहे. बाकीच्या पडद्यांवर सरमंडल आभार मानत होते.

मंदार हळूच म्हणाला, "इजिप्तला पण काढतील का?" आणि मग सगळ्यांनाच हसू फुटलं. घाबरलेल्या माणसांना फुटतं तसं. मृणालही हसली. मुलं पांगली तरी जयू बसून होती.

"मॅडम, मला परीक्षेला बसू नाही देणार का?"

"देतील. फी भरणाऱ्याला हे लोक कधी घालवत नाहीत."

"मी चूक केली का?"

"नाही," मृणाल म्हणाली. "मी ते आधी बोलायला पाहिजे होतं. तुझ्यावर यायला नको होतं ते."

परीक्षेचं मृणाल म्हणाली तसंच झालं. जयू परीक्षेला बसली, सगळेच बसले. मृणालने समितीला मेल पाठवला, मग आठवण करून देणारा दुसरा पाठवला. एकाचंही उत्तर आलं नाही. विद्यापीठाला वरची श्रेणी मिळाली. जूनअखेर टावर चौकात मोठा फलक लागला. त्यावर कुठून तरी उतरवलेला एका सोनेरी केसांच्या मुलीचा हसरा फोटो होता, खाली मारिया सौझा, ब्राझील, आणि तिच्या तोंडी जयूचं वाक्य, व्याकरण सुधारून. सरमंडलांना बढती मिळाली. मृणालला त्यांनी काढलं नाही, कारण त्या पगारात पीएचडी झालेली दुसरी बाई मिळत नव्हती. आंतरराष्ट्रीय विभागाशी तिचा संबंध तोडून टाकला, एवढीच शिक्षा.

जुलैमध्ये कॉलेज उघडलं. मृणालने टिपणं लिहून देणं बंद केलं आणि उभी राहून शिकवायला लागली. पंधरा दिवसांत विद्यार्थ्यांनीच तिची लेखी तक्रार केली. मॅडम नोट्स देत नाहीत, वेळ फुकट जातो. सरमंडलांनी तो कागद तिला मोठ्या समाधानाने वाचून दाखवला. तिने आपली सगळी टिपणं गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे देऊन टाकली. ज्यांना ती हवी होती ते तिकडे गेले. वर्ग ओस पडला. उरले दोघंच: मंदार, कारण त्याला झेरॉक्सचे पैसे वाचवायचे होते, आणि जयू.

ऑगस्टमध्ये एकदा मृणाल शिंद्यांच्या काळातल्या उज्जैनविषयी सांगत होती. तिच्या सासरचे पागनीस त्याच दरबारात घोड्यांची पागा सांभाळायचे, पुढे हिशेबनीस झाले. घरात या गोष्टीचा अभिमान होता आणि तो मृणालच्याही बोलण्यात यायचा. दरबारासाठी भैरवगढ़हून कापड कसं यायचं, मानकऱ्यांना पोशाख कसे मिळायचे, हे ती रंगवून सांगत होती.

जयूने हात वर केला. बाकावरून उठताना तिचा पाय अडखळला.

"मॅडम, तुमच्या घरचे लोक दरबारात होते ना. ते त्या कापडाचे पैसे द्यायचे, की तसंच उचलून आणायचे?"

मंदारने डोळे मोठे केले. मृणालला राग आला. तो तिच्या चेहऱ्यावर आला असणार, कारण जयूचा हात बाकाच्या कडेवर घट्ट झाला. पण ती उभी राहिली.

"मला माहीत नाही," मृणाल म्हणाली. मग तिला स्वतःचंच उत्तर अर्धवट वाटलं. "उचलत असावेत. म्हणजे काही वेळा तरी. हे मी कधी शोधलं नाही."

"मग कुठे शोधायचं?" जयूने विचारलं.

मृणाल खुर्ची ओढून बाकासमोर बसली, आणि कुठे कुठे शोधता येईल ते तिघं मिळून बोलायला लागले.